चारच्या आधीची रेघ

हस्तलिखित विभाग बंद करण्याचा आदेश दीड पानाचा होता आणि त्या दीड पानात एकच वाक्य तीन वेगवेगळ्या वेषांत येऊन गेले होते. पोथीसरांनी ते पहिल्याच वाचनात ओळखले. आयुष्यभर त्यांनी दुसरे काही केलेच नव्हते. एका मजकुराच्या जुन्या प्रती समोर मांडायच्या, कोणी कोणाची नक्कल केली ते ताडायचे, नक्कल करताना कोणत्या लेखनिकाला कुठे डुलकी लागली ते पकडायचे आणि शेवटी, सगळ्यांची पापे धुऊन काढल्यावर, मूळ मजकूर काय असावा हे छातीठोकपणे सांगायचे, हा त्यांचा पाठचिकित्सेचा धंदा. आदेशाचा मूळ मजकूर त्यांच्या मते एवढाच होता: तुमची गरज उरलेली नाही. बाकी सगळे नंतर कोणीतरी घुसडलेले.

विद्यापीठ मात्र दयाळू होते. सरांना संगणकशास्त्र विभागात सामावून घेण्याची त्याची तयारी होती. अट एकच: त्या विभागाचा डेटा स्ट्रक्चर्सचा, म्हणजे संगणकात माहिती मांडायच्या पद्धतींचा, पेपर दोन प्रयत्नांत सोडवून दाखवायचा. न जमल्यास स्वेच्छानिवृत्ती, जिच्यातली स्वेच्छा विद्यापीठाची आणि निवृत्ती सरांची असणार होती.

पहिला प्रयत्न झाला होता. सरांनी पहिल्या प्रकरणाचा अभ्यास चार वेगवेगळ्या पाठ्यपुस्तकांतून केला, चारही लेखकांनी एका पाचव्याच लेखकावरून ते उतरवले आहे हे निर्विवाद सिद्ध केले आणि त्या आनंदात दुसऱ्या प्रकरणाकडे जायचे राहून गेले. परीक्षेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिता लिहिता वेळ संपली. उत्तर अप्रतिम होते. त्याला पाच गुण होते आणि पाचही मिळाले.

आता दुसरा प्रयत्न. या खेपेस पडले तर खुर्ची गेली, कपाटांच्या किल्ल्या गेल्या, आणि 'सध्या काय करता?' या प्रश्नाला द्यायचे उत्तरही गेले. हे शेवटचे सरांना सर्वांत झोंबत होते.

त्यांची भाची शिकायला त्यांच्याच घरी राहत होती आणि योगायोगाने तिचाही हाच पेपर राहिला होता. ती संगणकशास्त्राचीच विद्यार्थिनी. डोके तल्लख, पण कंटाळा हा तिचा खरा मुख्य विषय, आणि त्यात ती नेहमी पहिली यायची. मामा-भाची एका वर्गात, एका बाकाच्या अंतरावर बसत. मामींनी यावर एकदाच मत दिले होते: घरात आता शिकवणारे कोणीच नाही, दोघेही नापास, तेव्हा निदान भांडी तरी वाटून घासा.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा भाचीने झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणला आणि जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा तक्ता चिकटवला. उभ्या रकान्यांत वर्षे, आडव्यांत विषय, आणि जिथे जिथे प्रश्न आला तिथे रंगीत ठिपका. ठिपक्यांची गर्दी जिथे जास्त तिथे अभ्यास जास्त. याला ती ट्रेंड म्हणत असे. दुकानदारही म्हणत असे. तो तर गठ्ठ्याबरोबर स्वतःचा ट्रेंड वेगळ्या किमतीला विकत असे.

सरांनी तक्त्याकडे पाहिले ते, एखाद्याने देवघरात ठेवलेली चप्पल पाहावी तसे. त्यांनी भाचीला समजावले की ज्ञानाला वारंवारता नसते, आणि किती जणांनी एक गोष्ट सांगितली यावर ती खरी ठरत नाही. प्रती मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. शंभर नकलांपेक्षा एक शहाणी प्रत भारी. हे वाक्य त्यांनी इतक्या पिढ्यांना ऐकवले होते की म्हणताना त्यांचे डोळे आपोआप मिटत.

"मामा," भाची म्हणाली, "डोळे उघडा. वरण उतू जातंय."

पण त्या दुपारी, घरात कोणी नसताना, सरांनी गठ्ठा चाळला. केवळ तुच्छतेला पुरावा हवा म्हणून. आणि तिसऱ्याच कागदावर त्यांचे बोट थांबले. क्रम लावण्यासाठी दिलेल्या आकड्यांत एक आकडा दोनदा आला होता. दोनदा येण्याचे काही कारण नव्हते. टंकलेखकाचा हात घसरला असणार. पुढच्या एका वर्षी तोच प्रश्न, तीच आकड्यांची ओळ, तीच घसरगुंडी. आणखी दोन वर्षांनी पुन्हा. सरांच्या अंगावर काटा आला. एकाची चूक दुसऱ्याकडे गेली म्हणजे दुसऱ्याने पहिल्याची नक्कल केली; या एका सूत्रावर त्यांचे अख्खे शास्त्र उभे होते. समोर पडलेल्या त्या कळकट, तिरप्या, एकमेकांवरून काढलेल्या झेरॉक्सप्रती म्हणजे प्रश्नपत्रिका नव्हत्याच. ती एक हस्तलिखित परंपरा होती, आणि तिला आजवर कोणी हात लावला नव्हता.

त्यानंतर सर जे बसले ते उठेनात. मामी पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीवरून परत आल्या तेव्हा जेवणाचे टेबल, दोन खुर्च्या आणि जमिनीचा बराच भाग कागदांनी व्यापला होता आणि नवरा भिंग घेऊन रांगत होता. विभाग बंद झाल्यापासून तो पहिल्यांदाच गुणगुणत होता, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या. रक्ताचा नमुना कोणत्या नळीतून आला यावर आपण प्रबंध लिहीत बसलो तर रोगी खुर्चीतच जाईल, असे काहीसे. सरांनी उपमेतला दोष दाखवला.

आठवडाभरात त्यांनी पेपर काढणाऱ्यांचे तीन 'हात' वेगळे केले. पहिला हात कोरडा, नेमका, प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'कारण द्या' म्हणणारा. तो सर्वांत जुना, आणि सरांच्या मते आता निवृत्त झालेला. दुसरा हात पहिल्याची नक्कल करणारा आळशी मनुष्य. तिसरा दुसऱ्याची नक्कल करणारा, म्हणजे आळसातही परावलंबी. कोण कोणानंतर येतो, किती वर्षांनी कोणता प्रश्न वर येतो, कोणता प्रश्न कोणत्या प्रश्नाचा बाप, याचा त्यांनी भलामोठा वंशवृक्ष काढला आणि भाचीच्या तक्त्यावर, बरोबर मधोमध, चिकटवला. त्यावरून या वर्षी काय येणार ते एखाद्या ग्रहणासारखे काढता येत होते.

भाचीने वंशवृक्ष बराच वेळ पाहिला. कौतुक तिला लपवता आले नाही. मग तिने पेन्सिल पुढे केली.

"भारी आहे. आता यातला एक प्रश्न सोडवा."

सर म्हणाले, की प्रश्नाचे मूळ एकदा निश्चित झाले की उत्तर ही दुय्यम बाब उरते. भाची म्हणाली की परीक्षकाला तसे वाटत नाही. बरीच घासाघीस झाल्यावर तह ठरला: ती त्यांच्या कागदांना हात लावणार नाही, आणि बदल्यात ते रोज जेवणानंतर तिच्यासमोर एक प्रश्न हाताने सोडवतील. सरांनी हे नाक्यावरच्या पथकरासारखे भरले. झाड म्हणजे आकड्यांची फांद्यांसारखी मांडणी: त्यात एक-एक आकडा घालायचा, लहान डावीकडे, मोठा उजवीकडे, मग मधलाच एक उपटायचा आणि उरलेले झाड सावरायचे. ते चुकत, ती खोडरबर पुढे सरकवी, ते पुन्हा चुकत. पाठीमागे भिंतीवरचा वंशवृक्ष मंद हसत असे. त्या झाडातले एक पानही त्यांनी कधी चुकीच्या फांदीला लावले नव्हते.

बातमी वर्गात फुटायला वेळ लागला नाही. ज्या मुलांनी वर्षभर सरांना मागच्या बाकावरचे जुने फर्निचर समजून वळसा घातला होता ती आता त्यांच्याभोवती गोळा झाली. बंद पडलेल्या हस्तलिखित विभागाची किल्ली अजून सरांकडे होती. रिकाम्या कपाटांच्या त्या खोलीत त्यांनी व्याख्याने दिली, आणि खोटे कशाला बोला, त्या खोलीत आजवर इतके श्रोते कधी जमले नव्हते. सर परंपरेबद्दल, नकलेच्या नीतीबद्दल, लेखनिकाच्या मानसशास्त्राबद्दल बोलत. मुले अधूनमधून वहीत एखादा शब्द टिपत. तो शब्द म्हणजे येणाऱ्या प्रश्नाचे नाव असे. बाकीच्या वेळी ती फोन पाहत. सरांना दिसत होते. पण टाळी टाळीच असते. ती कशासाठी पडली याची चिकित्सा करण्याइतका पाठचिकित्सक अजून जन्माला यायचा आहे.

मग ती रेघ आली.

नकाशाचा एक प्रश्न होता. सहा ठिकाणे, त्यांना जोडणारे एकेरी रस्ते, प्रत्येक रस्त्यावर त्याच्या खर्चाचा आकडा, आणि खाली: योग्य पद्धत निवडून पहिल्यापासून शेवटच्या ठिकाणापर्यंतचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढा, निवडीचे कारण द्या. हा प्रश्न चौदा गुणांचा होता आणि या वर्षी तो येणार याबद्दल सरांना तीळमात्र शंका नव्हती. तो गठ्ठ्यात पाच वेळा आला होता. चार प्रतींत एका रस्त्यावर चार हा आकडा होता. सर्वांत जुन्या, पहिल्या हाताच्या प्रतीत मात्र त्या चारच्या आधी एक बारीक आडवी रेघ होती. उणे चार.

ती प्रत भयंकर अवस्थेत होती. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि यंत्राच्या काचेवरच्या मळाने पानभर ओरखडे. सरांनी भिंगातून रेघ पाहिली आणि हसून सोडून दिली. तरीही शास्त्र म्हणून त्यांनी दोन्ही पाठ, चारचा आणि उणे चारचा, हाताने चालवून पाहिले. भाचीने शिकवलेल्या नेहमीच्या पद्धतीने, चार धरून, उत्तर सुबक आले. उणे चार धरून तीच पद्धत चालवली तर उत्तर वेडेवाकडे आले: पद्धत एक मार्ग सर्वांत स्वस्त म्हणून निकाली काढी आणि डोळ्यांनी त्याहून स्वस्त मार्ग शेजारीच दिसे. झाले. ज्या पाठाने अनर्थ होतो तो पाठ भ्रष्ट. यंत्राच्या मळाला कोणीतरी गणितात घेतले होते.

त्या रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी हे भाचीला सांगितले. तिने कागद उजेडात धरला.

"मामा, पण छापलंय तर उणे."

"छापलं नाही, पडलंय. रस्त्याचा खर्च शून्याच्या खाली कसा जाईल? रस्त्याने जायचे तुला कोण पैसे देतं?"

"उतार असेल. बॅटरीवरची गाडी उतरताना चार्ज होते, तसं. आणि ही पद्धत उणे आकड्याला चालतच नाही, पुस्तकात लिहिलंय. त्याला दुसरी आहे. जरा लांबलचक आहे, पण आहे."

"तेच तर म्हणतोय. चालत नाही हे माहीत असलेला माणूस उणे देईल कशाला?"

"आपल्याला माहीत आहे का ते बघायला," भाची म्हणाली.

सर तिच्याकडे ज्या करुणेने पाहत राहिले ती करुणा त्यांना पुढे बराच काळ आठवायची होती. मग त्यांनी तिला पुरावा सांगितला. चार प्रतींत रेघ नाही, एकात आहे. चारास एक. आणि ते 'निवडीचे कारण द्या' हे शेपूट? ते तर उघडच नंतर चिकटवलेले. पद्धत एकच असताना निवड कसली? भाची म्हणाली की तेच तिला कळत नाहीये, आणि जांभई देऊन उठली.

दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात सरांनी रेघेचा निकाल जाहीर केला. पेपरात चारच्या आधी रेघ दिसलीच तर बिचकायचे नाही. एक स्वच्छ टीप लिहायची आणि पुढे जायचे. टीप त्यांनी फळ्यावर लिहून दिली: 'येथे चारच्या आधीची रेघ हा मुद्रणदोष समजून वगळली आहे.' बाकी सगळे व्याख्यान वाऱ्यावर गेले, पण हे वाक्य सगळ्यांनी उतरवून घेतले. टॉवर नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांबलचक मुलाने तर ते फोनवर टिपून वर्गाच्या ग्रुपवर टाकले.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात पडला आणि हॉलभर एक दबका हुंकार उठला. सरांनी सांगितलेला प्रत्येक प्रश्न होता. क्रमसुद्धा तोच. पहिल्या रांगेतून टॉवरने मान वळवून सरांना जे स्मित दिले तसे त्यांना प्रबंध स्वीकारला गेला त्या दिवशीही कोणी दिले नव्हते. सरांनी पेपर टेबलावर सरळ केला, त्यावर हात फिरवला आणि पुढची काही मिनिटे ते नुसते वाचत बसले. हा दुसऱ्या हाताचा प्रश्न. हा पहिल्याचा, शब्दही न बदलता. हे काय, पहिला हात परत आला की काय? आणि शेवटी तो नकाशा. कोऱ्या करकरीत कागदावर, काळ्याभोर शाईत: उणे चार.

क्षणभर त्यांना भाचीची उतारावरची गाडी आठवली. पण विद्वत्तेची एक सोय अशी की ती भाच्यांना बोलू देत नाही. चूक वारशाने आली, त्यांनी ठरवले. इतकी स्पष्ट छापली गेली म्हणजे तर तिचा वंश अधिकच शुद्ध. त्यांनी आपले वाक्य मोत्यासारख्या अक्षरात लिहिले, खाली दोन्ही पाठांची तुलना जोडली, चार धरून सुबक उत्तर काढले आणि रेघ ओढली.

उरलेल्या प्रश्नांपाशी आल्यावर मात्र विद्वत्ता संपली. प्रत्येक प्रश्नाचे खानदान ठाऊक होते, पण उत्तर त्यांच्या कुळाबरोबर येत नव्हते. सरांनी घाम पुसला आणि मनातल्या मनात जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. लहान डावीकडे, मोठा उजवीकडे. खोडरबर. पुन्हा. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा शेवटचे झाड अर्धवट सावरलेले होते.

निकालाच्या आधी विभागप्रमुख बाईंचा निरोप आला. बाई वयाने सरांहून बऱ्याच लहान, बोलायला मोजक्या, आणि त्यांच्या खोलीत पुस्तकांपेक्षा जागा जास्त. टेबलावर वेगळ्या काढलेल्या उत्तरपत्रिकांची चळत होती. त्यांनी सरांना बसायला सांगितले आणि विचारले, हॉलमध्ये कॉपी झाली का?

सर म्हणाले, की त्यांच्या पाहण्यात नाही.

"मग मला हे समजावून सांगा," बाई म्हणाल्या. "या चळतीतल्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत एकच वाक्य आहे. शब्दाला शब्द. एकाने घाईत चारच्या जागी सात लिहिलंय, पण पुढे 'मुद्रणदोष' तसाच आहे. एकीने 'वगळली'च्या जागी 'वळवली' केलंय, म्हणजे तिने काय लिहिलं ते तिलाही कळलेलं नाही. हे सगळं कोणावरून तरी उतरवलं गेलंय. आणि एकाच प्रतीत त्या वाक्याखाली दोन्ही पाठांची तुलना दिलेली आहे. तेव्हा मूळ प्रत ओळखायला मला फार कष्ट पडले नाहीत, सर. तुमचंच शास्त्र."

आपल्या शास्त्राचा इतका निर्दोष वापर सरांनी विभागात एकाही विद्यार्थ्याकडून पाहिला नव्हता.

मग त्यांनी सगळे सांगितले: गठ्ठा, वंशवृक्ष, रिकामी खोली, फळ्यावरचे वाक्य. कॉपी नव्हती, शिकवण होती, शिकवणारे आपण. बाईंनी ऐकून घेतले आणि कॉपीच्या चौकशी समितीकडे जाणारा कागद बाजूला सारला.

"ती रेघ मळाची नव्हती," त्या म्हणाल्या. "माझी होती. मी इथे नवीन आले तेव्हाचा पहिला पेपर. उणे आकडा बघून पद्धत बदलते का कोणी, एवढंच बघायचं होतं. नंतर ज्यांनी पेपर काढले त्यांना स्वतःला दुसरी पद्धत येत नव्हती, म्हणून त्यांनी रेघ काढून टाकली. शेपूट कापायचं विसरले. या वर्षी पाळी परत माझ्यावर आली."

सरांना खोलीतली रिकामी जागा एकदम फार वाटू लागली. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधात एक संपूर्ण प्रकरण याच गोष्टीवर होते: दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक अवघड असेल तर अवघड पाठ मूळचा धरावा, कारण नक्कल करणारा जे कळत नाही ते सोपे करून टाकतो, सोप्याचे अवघड कधी करत नाही. ते प्रकरण लोक अजून उद्धृत करत. आणि चारास एक! ज्या माणसाने भाचीच्या ठिपक्यांवर नाक मुरडले त्याने वेळ येताच बोटांवर प्रती मोजल्या होत्या. फरक इतकाच की तिच्या ठिपक्यांना निदान रंग तरी होते.

त्यांनी विचारले, सगळ्यांचे चौदाच्या चौदा गुण गेले का.

"ज्यांनी रेघ वगळली त्यांचे गेले. प्रश्न बदलून सोडवला तर मी कशाला गुण देऊ? तुमच्या भाचीने छापलाय तसा सोडवलाय. मार्ग शेवटी चुकलाय, पण पद्धत बरोबर निवडली आणि कारण दिलंय. ती पास आहे. वाक्यवाल्यांतले चौघे पडले." बाईंनी जरा थांबून पुढे सांगितले, "तुम्ही एका गुणाने सुटलात. झाडांनी तारलं तुम्हाला."

सरांना वाटले होते की पास झाल्यावर हायसे वाटेल. वाटले ते असे की रांगेत उभ्या चार जणांना धक्का देऊन आपण आत घुसलो आहोत आणि दार लागले आहे. त्यांनी बाईंना विचारले, की त्या चौघांसाठी काही करता येईल का; चूक त्यांची नव्हती, त्यांच्या प्रतीची होती.

"करता येईल," बाई म्हणाल्या. "नापास मुलांचा वर्ग दर उन्हाळ्यात असतो. घ्यायला कोणी तयार नसतं, कारण त्याचं कुठे नाव होत नाही. तुम्ही आता याच विभागाचे आहात. घ्या."

सर म्हणाले, की त्यांना तो विषय येत नाही.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी तुमचा पेपर तपासलाय."

घरी आल्यावर सरांनी बातमी सांगितली. मामींनी अभिनंदन केले आणि टेबल मोकळे करायला सांगितले. भाचीने काहीच टोमणा मारला नाही, हे सरांना टोमण्याहून जास्त लागले. वर्ग घ्यायचा म्हटल्यावर तिने एवढेच विचारले, की त्या लांबलचक पद्धतीचे काय. सर म्हणाले, येत नाही. ती म्हणाली, तिलाही शेवटी चुकली होती. मग दोघे बसले. उणे चार धरून, सगळे रस्ते पुन्हा पुन्हा तपासत, आकडा कमी व्हायचा थांबेपर्यंत. तिसऱ्या फेरीत भाचीनेच चूक केली, आणि खोडरबर सरांनी पुढे सरकवले नाही. दोघांनाही ती चूक आहे हे बऱ्याच उशिरा कळले.

उन्हाळी वर्गाच्या पहिल्या दिवशी खोलीत चौघेच होते आणि चौघेही शेवटच्या बाकावर. पंखा चालू होता, खिडकी अर्धी. टॉवर पाय पसरून बसला होता. इतके लांब पाय की दुसऱ्या बाकाखालून बाहेर येत होते. सरांनी हजेरी घेतली नाही. त्यांनी सरळ सांगितले, की रेघ खरी होती, चूक त्यांची होती, आणि त्या चुकीनंतरही ते स्वतः पास झाले आणि हे चौघे पडले. माफी मागताना त्यांनी एकही संदर्भ दिला नाही, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

मग टॉवरने विचारले, "सर, ते जाऊ दे. या वेळी काय येणार?"

प्रश्नात खोच नव्हती, हे सर्वांत वाईट. मुलगा खरेच विचारत होता. त्याच्या मते यंत्र एकदा बिघडले होते, एवढेच. आणि उत्तर सरांच्या जिभेवर तयार होते. पहिला हात परत आल्यावर पुढच्या वर्षी दुसरा येतो, आणि दुसरा काय विचारतो हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. चार चेहरे वाट पाहत होते. रिकाम्या कपाटांच्या खोलीत पडलेल्या टाळ्या सरांना स्पष्ट आठवल्या.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. ते खोटे होते, आणि त्यांनी आयुष्यभर सांगितलेल्या कित्येक खऱ्या गोष्टींपेक्षा ते जड गेले.

"मग आम्ही करायचं काय?"

सरांनी फळ्यावर सहा ठिकाणे काढली, मनाला येतील तसे रस्ते जोडले, मनाला येतील ते आकडे लिहिले, दोन रस्त्यांवर उणे. अशी आकड्यांची जोडणी कोणत्याही वर्षी कोणत्याही पेपरात आली नव्हती. तिला ना बाप होता ना आजा. पहिली फेरी त्यांनी स्वतः केली. दुसऱ्या फेरीत मध्येच ते थांबले, मागे गेले, एक आकडा पुसला, पुन्हा तोच लिहिला.

"सर, तिथे तीन येतील," टॉवर मागून म्हणाला.

"का?"

टॉवरने पाय आत घेतले. का, ते त्याला सांगता येईना. बोटाने हवेत रस्ते मोजत तो ओठ हलवू लागला. शेजारची मुलगी म्हणाली तीन नाहीत, दोन. तिसऱ्याने दोघांना वेड्यात काढले. सर खडू पुढे धरून उभे राहिले, आणि टॉवर बाकांमधून वाट काढत फळ्याकडे येऊ लागला.